वाहनांचा आवाज, तुटक झोप आणि मनाचे आरोग्य

नाशिकमध्ये मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडला लागून असलेला फ्लॅट पाहायला एखादे कुटुंब जाते, गॅलरीचे दार उघडताच सगळ्यांना आवाज चढवून बोलावे लागते आणि मग दलाल, बिल्डरचा माणूस, पुढे शेजारीसुद्धा एकच दिलासा देतात: आठ-पंधरा दिवसांत सवय होते. हे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. सवय होते ती आपल्या लक्षाला, म्हणजे गाड्या जात आहेत हे जाणवेनासे होते. हृदयाला, रक्तदाबाला आणि झोपेला ती त्या प्रमाणात होत नाही. मानसिक आरोग्याचा प्रश्न नेमका इथे उभा राहतो, कारण जो त्रास जाणवतच नाही त्याच्याशी आपण सकाळचा थकवा, मुलांवर उगाच निघणारा राग किंवा संध्याकाळी दाटून येणारी उदासी जोडून पाहत नाही. माणूस कामाचा ताण, वाढते वय, घरातले वाद अशी कारणे शोधत राहतो आणि डोक्यापासून चार फुटांवर असलेली खिडकी मात्र त्या यादीत येत नाही.

वाहनांचा आवाज मनावर तीन वाटांनी परिणाम करतो: झोप मोडून, चीड साठवून आणि आपल्या हातात काही नाही ही भावना रुजवून. या वाटा एकमेकींत मिसळतात, तरी त्या वेगळ्या ओळखता आल्या तर घरात काय बदलायचे हे ठरवणे सोपे जाते. त्याआधी आवाजाच्या मोजमापाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण डेसिबल या एककाने भल्याभल्यांची गफलत होते.

डेसिबलचे गणित

डेसिबलची मोजपट्टी सरळ चालत नाही. पन्नास डेसिबलपेक्षा साठ डेसिबल म्हणजे एक पंचमांश जास्त आवाज, असा समज होतो. प्रत्यक्षात साठ डेसिबलच्या आवाजात पन्नासच्या दहापट ऊर्जा असते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. ऊर्जा दुप्पट झाली की आकडा फक्त ३ ने वाढतो. म्हणून एखाद्या रस्त्यावरची वाहने दुप्पट झाली, तरी सरासरी आवाज ३ डेसिबलच वाढतो आणि उलट बाजूने पाहिले तर रस्त्यावरची निम्मी वाहने दुसरीकडे वळवूनही ३ डेसिबलच कमी होतात. वळणरस्ता झाला तरी पूर्वीइतकाच आवाज येतो, अशी रहिवाशांची तक्रार असते. तिच्यामागे अनेकदा हेच गणित असते.

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. व्यापारी भागासाठी हेच आकडे ६५ आणि ५५ आहेत, तर रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ५३ डेसिबलच्या आत आणि एकट्या रात्रीचा ४५ डेसिबलच्या आत असावा, असे म्हटले आहे. म्हणजे आपला रात्रीचा कायदेशीर आकडा जागतिक शिफारशीच्या तोडीचा आहे. अडचण पालनाची आहे आणि त्याहून मोठी अडचण अशी की, हे सगळे आकडे सरासरीचे आहेत.

रात्रीची सरासरी झोपेबद्दल फार थोडे सांगते. समजा, एका रस्त्यावर रात्रभर दूरवरून येणारी एकसारखी घरघर आहे, तर दुसऱ्या रस्त्यावर बराच वेळ शांतता असून मधूनच एक अवजड ट्रक प्रेशर हॉर्न वाजवत जातो. दोन्हींची सरासरी सारखी निघू शकते. पण झोपलेल्या माणसासाठी दुसरा रस्ता जास्त वाईट असतो, कारण त्याला जागे करतो तो शांततेतून अचानक वर उसळणारा आवाज. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच शयनकक्षासाठी दोन वेगळे आकडे सुचवले होते, सतत चालणाऱ्या आवाजासाठी ३० डेसिबल आणि एकेका सुट्या आवाजाच्या शिखरासाठी ४५ डेसिबल. उड्डाणपुलाच्या उतारावर गिअर बदलणारा ट्रक, एअर ब्रेकचा फुत्कार, पुलाच्या दोन भागांमधल्या सांध्यावरून चाके जाताना येणारा दुहेरी ‘धड-धड’ हे सगळे शिखराचे आवाज आहेत.

झोपेत कान बंद होत नाहीत

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना तशी सोय नाही. झोपेतही आतल्या कानातून निघालेला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या भागांमधून वर जातो आणि त्याची एक शाखा अमिग्डला नावाच्या, धोका ओळखणाऱ्या छोट्या भागापर्यंत पोहोचते. हा भाग ट्रक कुठला, कांदा घेऊन चालला की यंत्रांचे सुटे भाग, याचा विचार करत बसत नाही. मोठा, अनपेक्षित, जवळ येणारा आवाज म्हणजे संभाव्य धोका, एवढेच तो जाणतो. पुढची साखळी ठरलेली आहे. संप्रेरकांवर ताबा ठेवणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या भागाला इशारा मिळतो, ॲड्रेनलिनमुळे हृदयाचे ठोके काही क्षणांतच वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब थोडा चढतो आणि इशारे वारंवार येत राहिले तर कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही वाढू शकते. कॉर्टिसॉलची पातळी रात्रीच्या पहिल्या भागात सर्वांत खाली असणे आणि पहाटे जाग येण्याच्या सुमारास चढणे, ही शरीराची स्वाभाविक लय आहे. मध्यरात्रीचे धक्के या लयीत ढवळाढवळ करतात.

रात्री दोनचा सुमार डोळ्यांसमोर आणावा. खिडकी वाऱ्यासाठी अर्धी उघडी आहे. लांबून येणारी घरघर वाढत जाते, खिडकीच्या काचा रुळात किंचित थरथरतात, ट्रक अगदी समोर येतो, हॉर्नचा एक ठोका पडतो आणि आवाज विरत जातो. सारे अर्ध्या मिनिटात संपते. झोपलेली व्यक्ती कूस बदलते. तिच्या डोक्याला मेंदूच्या लहरी टिपणारे यंत्र लावलेले असते, तर त्या अर्ध्या मिनिटात ती गाढ झोपेतून उथळ झोपेत आल्याचे किंवा काही सेकंद चक्क जागी झाल्याचे दिसले असते आणि हृदयाचे ठोके वाढल्याचेही. सकाळी विचारले तर ती प्रामाणिकपणे सांगेल की रात्री मी एकदाही उठले नाही, कारण काही मिनिटांपेक्षा कमी काळ टिकलेली जाग सहसा आठवणीत राहत नाही.

सवयीचा प्रश्न इथे स्पष्ट होतो. झोपेच्या अभ्यासांत असे दिसते की, गोंगाटाच्या जागी राहायला आलेल्या माणसांचे पूर्ण जागे होणे काही दिवसांत खरोखर कमी होते. पण आवाजागणिक हृदयाचे ठोके वाढण्याची प्रतिक्रिया वर्षानुवर्षे तिथे राहिलेल्यांमध्येही टिकून राहते. ‘मला काही होत नाही, मी ढाराढूर झोपतो’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याला फक्त आपल्या रात्रीची अर्धीच हकिकत ठाऊक असते.

झोपेचा कोणता भाग मोडतो यालाही महत्त्व आहे. शरीराची झीज भरून काढणारी गाढ झोप प्रामुख्याने रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागात असते, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. दिवसभरातल्या भावनिक अनुभवांची धार बोथट करण्याचे काम या दुसऱ्या प्रकारच्या झोपेत होते, असे अनेक संशोधक मानतात. महामार्गावरची अवजड वाहतूक मध्यरात्रीनंतर वेग घेते आणि पहाटे पाचपासून दुधाच्या गाड्या, एसटी, बाजार समितीकडे भाजीपाला नेणारे टेम्पो सुरू होतात, त्यामुळे हायवेलगतच्या घरात दोन्ही भागांवर घाला येतो. एका रात्रीच्या तुटक झोपेने माणूस दुसऱ्या दिवशी जास्त चिडखोर होतो, किरकोळ बोलणे त्याला लागते, चांगल्या गोष्टींचा आनंद कमी होतो. हे आपल्या सर्वांच्या अनुभवाचे आहे. हाच प्रकार महिनोन्‌महिने चालला तर नैराश्याचा धोका वाढतो. निद्रानाश हे नैराश्याचे लक्षण तर आहेच, शिवाय ते त्याचे आगाऊ कारणही ठरू शकते, ही गोष्ट मानसोपचारशास्त्रात आता चांगली प्रस्थापित झालेली आहे.

चीड, आणि हातात नसलेले बटण

झोपेइतकीच महत्त्वाची दुसरी वाट चिडीची आहे. फोनवर बोलताना खिडकी लावावी लागणे, टीव्हीवरची बातमी ऐकू न आल्याने आवाज वाढवणे आणि मग तोही आवाज डोक्यात जाणे, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये बोलायचे तर ओरडावे लागणे, या बारीक गोष्टी आहेत; पण प्रत्येक वेळी चालू असलेले काम तुटते आणि ते पुन्हा जुळवायला मनाला थोडी शक्ती खर्च करावी लागते. घरात सगळेच चढ्या आवाजात बोलू लागले की समोरचा रागावला आहे, असा समज होणेही सोपे होते. आवाजामुळे घरातली भांडणे वाढतात, असे विधान मी करणार नाही. पण सतत ओरडून बोलावे लागणाऱ्या घरात हळुवार बोलण्याच्या जागा कमी होतात, हे मला नक्की वाटते.

चिडीच्या मुळाशी काय असते, यावर डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग आजही मोलाचे आहेत; ते १९७२ पर्यंत प्रसिद्ध झाले. त्यांनी माणसांना मोठा, केव्हाही येणारा आवाज ऐकवत काम करायला लावले. त्यांतल्या काहींना सांगितले की, हे बटण दाबले तर आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलेच नाही. म्हणजे दोन्ही गटांनी सारखाच आवाज सोसला. तरीही नंतर दिलेल्या कामात बटण असलेल्या गटाने चुका कमी केल्या आणि न सुटणाऱ्या कोड्यांवर जास्त वेळ चिकाटी दाखवली. ठरावीक अंतराने येणाऱ्या आवाजापेक्षा केव्हाही येणाऱ्या आवाजाचा नंतरचा परिणाम अधिक वाईट होता, असेही त्यांना दिसले. आवाज किती मोठा आहे यासोबतच, तो केव्हा येणार हे कळते का आणि तो थांबवणे माझ्या हातात आहे का, या दोन प्रश्नांवर मनाची झीज अवलंबून असते.

रस्त्याचा आवाज या दोन्ही कसोट्यांवर वाईट ठरतो. शेजारच्या लग्नातला बँड आपण सहन करतो, कारण तो संपणार हे माहीत असते आणि त्यात आपल्या माणसांचा आनंद असतो; द्वारका चौकातल्या कोंडीत अडकलेल्या गाड्यांचे भोंगे कोणासाठी, कशासाठी आणि किती वेळ वाजणार, याला काही धरबंध नसतो. तक्रार कोणाविरुद्ध करायची हेही कळत नाही. आपण काहीही केले तरी फरक पडत नाही, हा अनुभव पुनःपुन्हा आला की माणूस प्रयत्न सोडतो. मानसशास्त्रात याला शिकलेली असहायता म्हणतात आणि नैराश्याशी तिचे नाते जवळचे आहे.

पुरावा किती पक्का आहे

या विषयावर लिहिताना भीती घालणे सोपे असते, म्हणून पुराव्याची वजने नीट सांगितली पाहिजेत. वाहतुकीच्या आवाजाचा सर्वांत पक्का पुरावा हृदयविकाराबाबत आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या तत्त्वांसाठी झालेल्या आढाव्यात ५३ डेसिबलच्या पुढे दर १० डेसिबलमागे हृदयाला होणारा रक्तपुरवठा कमी पडण्याच्या विकाराचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, असे आढळले. झोपेबाबतचा पुरावाही चांगला आहे. याच संघटनेच्या २०११ च्या अहवालाने पश्चिम युरोपात वाहतुकीच्या आवाजामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान १० लाख वर्षे वाया जातात, असा अंदाज मांडला आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा झोपमोडीचा होता.

नैराश्य आणि चिंताविकारांबाबत मात्र पुरावा अजून कच्चा आहे. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले की रस्त्याच्या आवाजामुळे नैराश्याच्या धोक्यात होणारी वाढ दर १० डेसिबलमागे दोन-तीन टक्क्यांच्या घरात दिसते, म्हणजे लहान; विमानांच्या आवाजाबाबत ती याहून मोठी दिसते. जर्मनीतल्या माइन्त्स परिसरात ३५ ते ७४ वयाच्या सुमारे १५ हजार लोकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात, आवाजाचा अतिशय त्रास होतो असे सांगणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण त्रास न होणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होते. पण ही एकाच वेळी केलेली पाहणी होती. आवाजाने मन खचले की आधीच खचलेल्या मनाला आवाज जास्त खुपला, हे तिच्यावरून ठरत नाही आणि बहुधा दोन्ही होत असावे. नैराश्यात किंवा चिंतेत असलेल्या माणसाला आवाज खरोखर जास्त टोचतो, त्याने झोप आणखी बिघडते, झोप बिघडल्याने मन आणखी खालावते. हे चक्र नेमके कुठून सुरू झाले, हे त्यात अडकलेल्याला ठरवता येत नाही. पण ते तोडण्यासाठी झोप ही सर्वांत हाताशी असलेली जागा आहे.

आणखी एक सावधगिरी आपल्याकडच्या वाचकांसाठी. बहुतेक अभ्यास युरोपातले आहेत, तिथे रस्त्यांवर भोंगे फारसे वाजत नाहीत, खिडक्या थंडीसाठी घट्ट आणि दुहेरी काचांच्या असतात आणि गोंगाटाच्या रस्त्यावर बऱ्याचदा कमी उत्पन्नाचे लोक राहतात. आपल्याकडे ‘रोड टच’ हे जाहिरातीतले कौतुक आहे, त्यामुळे महामार्गाच्या कडेला झोपडीत राहणारा मजूर आणि मोठे कर्ज काढून फ्लॅट घेतलेला नोकरदार दोघेही तोच आवाज ऐकतात. त्याच वाहनांचा धूरही दोघांच्या घरात येतो आणि धुराचा परिणाम आवाजापासून वेगळा काढणे अवघड असते. म्हणून तिकडचे टक्के जसेच्या तसे इकडे लावू नयेत. झोप मोडण्याची शरीरातली प्रक्रिया मात्र माइन्त्समध्ये आणि मुंबई नाक्यावर एकच आहे.

कोणाला जास्त लागते

एकाच घरात एकाला आवाज असह्य होतो आणि दुसऱ्याला तो ऐकूही येत नाही. आवाजाबाबतची ही संवेदनशीलता माणसागणिक बदलते, ती काही अंशी आनुवंशिक असते आणि तिचा ऐकण्याच्या तीक्ष्णतेशी फारसा संबंध नसतो. ‘तुझेच डोके नाजूक’ हे वाक्य म्हणूनच अन्यायाचे आहे. वृद्धांची झोप मुळातच उथळ असते. बाळंतिणीची झोप बाळाने आधीच तोडलेली असते. ज्यांना पूर्वी नैराश्य किंवा पॅनिकचा त्रास झालेला आहे, त्यांच्यासाठी झोपेचे नुकसान ही आजार उलटण्याची वाट ठरू शकते.

अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारा कामगार या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहतो. तो सकाळी घरी येऊन आठ-नऊ वाजता झोपतो, म्हणजे त्याची रात्र कायद्याच्या दृष्टीने दिवस असते. निवासी भागात दिवसाची मर्यादा रात्रीपेक्षा १० डेसिबलने जास्त आहे, म्हणजे त्याच्या झोपेच्या वेळी दहापट ध्वनिऊर्जा नियमानेच मान्य आहे. शाळेच्या व्हॅन, कचरा घंटागाडी, भाजीवाल्याचा रेकॉर्ड केलेला पुकारा, बांधकामाचे साहित्य उतरवणारा ट्रक यांतला कोणीही नियम मोडत नसतो आणि तरीही या माणसाची झोप कधी सलग होत नाही. पाळीच्या कामामुळे शरीराचे घड्याळ आधीच उलटे झालेले असते, त्यात ही भर. अशा घरात सर्वांत शांत खोली कोणाला द्यायची, याचा निर्णय कुटुंबाने विचारपूर्वक घ्यायला हवा.

मुलांबाबत बार्सिलोनातला अभ्यास सांगण्यासारखा आहे. ३८ शाळांमधल्या ७ ते १० वर्षांच्या २,६८० मुलांची एक वर्षभर वेळोवेळी चाचणी घेतली गेली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शाळेत वाहनांचा आवाज जास्त, तिथे मुलांची क्रियाशील स्मृती (हातातल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता) आणि लक्ष यांची वाढ सावकाश होती आणि आवाजाच्या सततच्या चढ-उताराचाही परिणाम दिसला. घराबाहेरच्या आवाजाशी मात्र त्यांना असा संबंध आढळला नाही. घराच्या खिडक्यांइतकीच चौकशी पालकांनी शाळेच्या खिडक्यांचीही करावी, असे यावरून मला वाटते. वर्ग रस्त्याच्या बाजूला आहे की मैदानाच्या, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी कोणी विचारताना दिसत नाही.

घरात काय करता येते

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे: झोपण्याची खोली बदलणे. इमारतीची रस्त्याकडची बाजू आणि मागची बाजू यांच्यात सहज १० ते २० डेसिबलचा फरक असू शकतो, कारण खुद्द इमारतच भिंतीसारखी आड येते. जुन्या नाशिकात आणि पंचवटीत जे वाडे अजून उभे आहेत, त्यांत हे तत्त्व दिसते. रस्त्याकडे ओसरी आणि जाड भिंत, निजायच्या खोल्या आतल्या चौकाकडे. त्यामुळे गल्लीत कितीही गजबज असली तरी चौकात माणसाला हळू आवाजात बोलता येते. स्वीडनमधल्या संशोधनातही असे आढळले की, घराची एक बाजू जरी शांत असेल तरी रहिवाशांची चीड आणि झोपेच्या तक्रारी कमी होतात. फ्लॅटमध्ये ‘मास्टर बेडरूम’ म्हणून दिलेली मोठी खोली बहुधा रस्त्याकडच्या गॅलरीची असते आणि मागची लहान खोली अडगळीची किंवा पाहुण्यांची होते. ही वाटणी उलटी करून पाहावी.

दुसरी जागा खिडकीची. आपल्याकडच्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीपाशी रात्री उभे राहून बोटे फिरवली तर आवाज कुठून येतो ते हाताला कळते: दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथे काळ्या ब्रशची पट्टी झिजलेली असते, खालच्या रुळात पाणी जाण्यासाठी भोके असतात, चौकट आणि भिंत यांच्यातले सिलिकॉन सुकून सुटलेले असते आणि या प्रत्येक ठिकाणी वाऱ्याची बारीक झुळूक लागते. जिथून वारा येतो तिथून आवाजही येतो. भोक पडलेल्या घागरीचा पत्रा कितीही जाड असला तरी पाणी थांबत नाही, तसेच फटी राहू देऊन जाड काच बसवण्याचे आहे. आधी पट्ट्या बदलाव्यात, कडा सिलिकॉनने भरून घ्याव्यात, दाराखालची फट रबराने बंद करावी. एवढ्याने भागले नाही तर सध्याच्या खिडकीच्या आत, शक्य तितके अंतर ठेवून, दुसरी घट्ट बसणारी खिडकी लावता येते. दोन काचांमधले अंतर दहा सेंटीमीटरच्या आसपास असेल तर परिणाम चांगला मिळतो आणि लॅमिनेटेड काच तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा सरस ठरते.

जे उपयोगी नाही तेही सांगितले पाहिजे, कारण त्यावर पैसे वाया जातात. अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा फोम भिंतीला चिकटवल्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. जाड पडद्यांचेही जवळजवळ तसेच. कुंड्यांची किंवा झाडांची एक रांग डेसिबल फारसे घटवत नाही. तरीही झाडे लावावीत, कारण हिरवाई दिसत असली की त्याच आवाजाची चीड कमी वाटते, असे अभ्यासांत दिसते. ट्रकच्या इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर भिंतीतूनसुद्धा येते, ती खिडकीच्या उपायांनी पूर्ण जात नाही.

खरी अडचण हवेची आहे. नाशिकची हवा संध्याकाळनंतर गार होते म्हणून आपण खिडक्या उघड्या ठेवून झोपतो आणि किंचित उघडी खिडकी बाहेरचा आवाज जेमतेम १० ते १५ डेसिबलने कमी करते. एप्रिल-मेमध्ये, दिवसाचा पारा चाळिशीकडे गेलेला असताना, सगळे बंद करून झोपा असे सांगणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी मागच्या बाजूची खिडकी उघडी आणि रस्त्याकडची बंद ठेवून पंखा लावावा. पंख्याची एकसारखी घरघर अधूनमधून उसळणाऱ्या आवाजांची शिखरे थोडी झाकते. मेडिकलच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग नीट बसवले तर प्रभावी असतात, मात्र लहान बाळ किंवा आजारी माणूस ज्यांच्या भरवशावर आहे त्यांनी ते वापरू नयेत आणि कानात मळ साठत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. वर सांगितलेल्या बटणाच्या प्रयोगाचा उपयोग इथे होतो. या उपायांनी डेसिबल थोडेच कमी झाले तरी, मला हवे तेव्हा मी हा आवाज कमी करू शकतो, ही जाणीव परत येते आणि तिचे मोल वेगळे आहे.

मोबाईलवरच्या ध्वनिमापक ॲपचा आकडा काही डेसिबलनी चुकतो, म्हणून तक्रारीत तो पुरावा समजू नये. पण घरातल्या दोन खोल्यांची तुलना करायला आणि खिडकीच्या दुरुस्तीआधी व नंतर फरक पडला का, हे पाहायला तो पुरेसा आहे.

रस्त्यावर काय मागता येते

भोंग्यांबाबत कायदा स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात शांततेने जगण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात मोडतो, असे मानले आणि अपवादात्मक परिस्थिती सोडून निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ हॉर्न वाजवू नये, असे सांगितले. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवण्याला पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड ठेवला आहे. कर्णकर्कश, अनेक सुरांचे भोंगे बसवायलाही मनाई आहे. ध्वनिवर्धकाविरुद्ध तक्रार करणे त्यामानाने सोपे असते, कारण तो एका जागी असतो. रस्त्यावर हजारो वाहने मिळून मर्यादा ओलांडतात आणि त्यांतल्या एकालाही दोषी धरता येत नाही. म्हणून एकेकट्या वाहनापेक्षा रस्त्याच्या रचनेबद्दल मागणी करणे जास्त फलदायी असते.

सुमारे चाळीस किलोमीटरच्या पुढे मोटारींच्या आवाजात इंजिनापेक्षा टायरचा वाटा मोठा होतो, त्यामुळे वेग कमी झाला की आवाजही घटतो. सपाट, खड्डे नसलेला रस्ता हाही आवाज कमी करण्याचा उपाय आहे. उड्डाणपुलाच्या कठड्यावर आवाजरोधक भिंत उभारली आणि वाहने खिडकीतून थेट दिसेनाशी झाली की साधारण ५ डेसिबल कमी होतात, मात्र पुलापेक्षा उंच मजल्यांना तिचा फायदा मिळत नाही. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी शहराभोवती रस्त्यांची कामे आखली जात असताना सोसायट्यांनी एकत्रित अर्जात या गोष्टी नेमकेपणाने लिहाव्यात: निवासी पट्ट्यात रात्रीची वेगमर्यादा, पुलाच्या सांध्यांची दुरुस्ती, अवजड वाहनांच्या वळणरस्त्यावर वस्तीकडे भिंत.

डॉक्टरांकडे केव्हा

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नीट लागत नसेल, बहुतेक दिवस मन उदास राहत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्या असतील किंवा छातीत अकारण धडधड होत असेल, तर खिडकीच्या दुरुस्तीची वाट पाहत थांबू नये. नैराश्य आणि चिंता यांवर चांगले उपचार आहेत आणि आवाज तसाच राहिला तरी ते लागू पडतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी घरातल्या माणसाला सांगावे आणि मदत घ्यावी.

डॉक्टर सहसा आवाजाबद्दल विचारत नाहीत, म्हणून आपणच सांगावे: झोपण्याची खोली रस्त्याकडे आहे का, किती वाजता जाग येते, कामाची पाळी कोणती आहे, गावाला किंवा नातेवाइकांकडे शांत जागी झोपल्यावर दोन-तीन दिवसांत बरे वाटते का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर ती डॉक्टरांसाठी मोलाची माहिती असते. खोली बदलल्यावर किंवा फटी बुजवल्यावर झोप सुधारली, तर पुढच्या भेटीत तेही आवर्जून सांगावे, नाहीतर झालेल्या सुधारणेचे सगळे श्रेय गोळीच्या मात्रेला जाते. चालू असलेल्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. त्या कमी करायच्या की नाहीत, हे ही माहिती हाती आल्यावर डॉक्टर ठरवतील.